चौथ्या रांगेतला खांब

सभागृहात कोणत्या देशाचा राजदूत कुठं बसणार, हे मांडणीबाई ठरवत नसत. ते वरून ठरून येई. त्या फक्त पाट्या लावत. रुसवेफुगवे मात्र त्यांच्याच वाट्याला येत. तीन जावांच्या घरात मधली सून म्हणून नांदलेल्या बाईला त्याचं काय एवढं?

त्या सकाळी नवा आराखडा आला, तो मात्र बाईंनी दोनदा वाचला. इतकी वर्षं पहिल्या रांगेत मधोमध बसणारा मोठा देश चौथ्या रांगेत गेला होता, तोही खांबामागं. आणि खांबामागचा चिमुकला देश, ज्याच्या राजदूताचा वर केलेला हात कधी कुणाला दिसलाच नाही, तो थेट पुढं. जहाजं त्याची, बँका त्याच्या. आता खुर्चीही त्याचीच.

मोठ्या देशाचे राजदूत अर्धा तास आधी आले. पूर्वी ते अर्धा तास उशिरा येत आणि सगळं सभागृह थांबे. सवयीनं ते पहिल्या रांगेत गेले, पाटी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"बाई, काहीतरी चूक झालीय."

"नाही साहेब."

"एके काळी आमच्या आरमाराच्या नुसत्या नावानं लोक उठून उभे राहायचे."

"तुमच्या आधी इथं बसायचे, तेही असंच सांगायचे. त्यांचं घोडदळ होतं."

"ते कुठं बसतात आता?"

"त्या देशाचे तीन देश झाले. तिघांनाही कोपराच हवा होता, एकमेकांपासून लांबचा."

राजदूत हसले नाहीत, पण मिशी हलली. सुंभ जळाला तरी पीळ राहतोच. ताठ मानेनं ते चौथ्या रांगेत जाऊन बसले. बाई नवीन असताना, खुर्ची चार बोटं मागं राहिली म्हणून याच माणसानं त्यांना भर सभेत झापलं होतं. आज बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बाईंनी त्यांची खुर्ची हळूच चार बोटं बाजूला सरकवली, निदान व्यासपीठ तरी दिसावं.

चिमुकल्या देशाचे राजदूत वीस मिनिटं उशिरा आले. सगळे थांबले होते. सभा संपल्यावर त्यांनी बाईंना जवळ बोलावलं.

"ही खुर्ची फरशीला स्क्रूनं पक्की करता येईल का हो?"

"फरशीला भोकं पाडायला परवानगी नाही साहेब."

ते ओशाळले. मग खांबाकडं गेले आणि मोठ्या देशाच्या थोरल्या राजदूतांना अदबीनं विचारलं, "इथून ऐकू आलं ना नीट?"

"तुम्ही बारा वर्षं बसलात इथं. तुम्हीच सांगा."

"काही ऐकू येत नाही," ते म्हणाले, "पण झोप छान लागते."

पुढच्या सभेत बाईंनी सहज चौथ्या रांगेकडं पाहिलं. खांबाला डोकं टेकवून थोरले डोळे मिटून बसले होते. बाईंनी त्यांच्या डोक्यावरचा दिवा तेवढा मालवला.