म्हातारीच्या खडपेची खूण

"पुष्पलता, पुढचं पान घे ना. उघड्या डोळ्यांनी झोपलीस का?"

ग्रंथपाल हेमांगीमॅडमची हाक ऐकूनही पुष्पलताचा माउसवरचा हात हलेना. समोर पडद्यावर तिचा बाप होता. एडवणच्या घराच्या ओटीवर, मांडीवर जाळं घेऊन, कॅमेऱ्याकडे रोखून बघत बसलेला. फोटोखाली छापलं होतं, 'दामू मेहेर, तांडेल, एडवण.' तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या.

पालघरच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुष्पलता जुने प्रबंध स्कॅन करून विद्यापीठाच्या साइटवर चढवायची. शुक्रवारी गठ्ठा चढवायचा आणि सोमवारी कुठलं पान वाकडं आलं, कुठलं पुसट, ते बघायचं. काम तसं मान मोडणारं, पण तिला त्याची गोडी लागली होती, कारण माणसं कशाकशाचा अभ्यास करतील याला काही धरबंधच नव्हता. एकाने सुक्या बोंबलावरच्या बुरशीत ऐन तारुण्य घालवलं होतं. एकीने बोईसरच्या कारखान्यांत पॅकिंग करणाऱ्या बायकांच्या पाठदुखीवर जाडजूड प्रबंध लिहिला होता. वारली लग्नातली गाणी, सालवडच्या भाड्याच्या खोल्यांतली हिंदी, चिकूवरची कीड, सगळं एका कपाटात मांडीला मांडी लावून बसलेलं. एका प्रबंधात नुसती गणितंच होती. त्यातलं आभाराचं पान सोडून तिला एक अक्षर कळलं नव्हतं. आभाराची पानं मात्र ती सगळ्यांची वाचायची. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगायची, "आज एक बाई भेटली, तिनं तिवरातल्या खेकड्यांवर पीएचडी केलीय." नवरा विचारायचा, "खाल्ले की नाय पण?"

हा प्रबंध किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या समुद्रज्ञानाचा होता. लिहिणारा दर्पण. आता तिला आठवलं, दहाएक वर्षांपूर्वी चष्मा लावलेला एक मुलगा एडवणला यायचा आणि आईच्या हातचं कालवणभात खाऊन ओटीवर बाबांशी तासन्‌तास बोलत बसायचा. शुक्रवारी घाईघाईत तिने हाच प्रबंध न बघता यंत्राखाली सरकवला होता.

तिने पान उलटलं.

'म्हातारीची खडप,' असा मथळा होता. खाली सरळ लिहिलं होतं: आशापुरीच्या देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या खाचेत बसला पाहिजे, आणि त्याच वेळी उत्तरेला केळव्याच्या सुरूच्या झाडांचं टोक बंदराच्या दिव्याला टेकलं पाहिजे. या दोन रेषा जिथे मिळतात तिथे खाली खडक आहे. शेजारी नकाशा, नकाशावर काळा ठिपका.

म्हातारीची खडप म्हणजे समुद्राखालचा एक खडक. तिथे घोळ मासा मिळतो, आणि एक चांगली घोळ मिळाली तर घरचं वर्षभराचं भागतं. ती जागा मेहेरांच्या घराण्याची. किनाऱ्यावरच्या कुठल्या दोन वस्तू एका रेषेत आल्या की खडप होडीखाली येते, ती खूण बाप मुलाला सांगतो, तीही सुकाणू सोडताना, समुद्रातच. आणि खूण कधी मागायची नसते. मुलाने ती मागणं म्हणजे बापाला तुझे दिवस भरले असं सांगणं. पुष्पलताचा भाऊ प्रफुल्ल चाळिशी ओलांडलेला, पण त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्या जागेवर बाबा स्वतः सुकाणूवर बसत, खलाशांना पाठ किनाऱ्याकडे करून जाळ्याला लावत आणि जीपीएसचा डबा बंद ठेवत. गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून त्यांची होडी प्रफुल्ल नेतो, दुसरीकडे जाळी टाकतो आणि बाप बरा होऊन एक दिवस होडीत बसेल याची वाट बघतो.

ज्याला मिळायला हवी त्याला खूण मिळाली नव्हती, आणि तिने ती सगळ्या जगाला वाटून टाकली होती.

साइटवर प्रबंधाच्या नावाखाली आकडा दिसत होता. तीन दिवसांत अकरा जणांनी प्रबंध उतरवून घेतला होता. हे अकरा जण कोण? बाहेरच्या मोठ्या बोटी असं काहीतरी शोधतच असतात. एकदा त्या आल्या की खडपेवर काय उरणार!

"मॅडम, हा प्रबंध साइटवरून काढता येईल का?" तिने विचारलं.

"का गं? पान फाटलंय?"

"नाही. माझ्या बाबांचं आहे त्यात. घरातली गोष्ट आहे."

हेमांगीमॅडम उठून आल्या, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी वाचलं. "छान लिहिलंय की," त्या म्हणाल्या. मग पुष्पलताचा चेहरा बघून खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "हे बघ, आपण फक्त चढवतो. काढायचं तर ज्याने लिहिलं त्याने विद्यापीठाला कळवायला हवं. आणि ज्यांनी उतरवून घेतलंय त्यांच्याकडचं कोण काढणार, बाई?"

दर्पणचा नंबर मॅडमनीच मिळवून दिला. तो आता पुण्याला शिकवत होता. पुष्पलताने नाव सांगताच तो इतका खूश झाला की तिला बोलायलाच मिळेना.

"अहो ताई, बाबा कसे आहेत? माझी पदवी म्हणजे त्यांचीच कृपा. इतर सगळ्यांनी मला जुजबी सांगून वाटेला लावलं, पण तुमच्या बाबांनी खडपेची खूण सांगितली! परीक्षक बघतच राहिले."

"त्यांनी आपणहून सांगितली?"

"हो! मी तीन-चारदा विचारलं, मग एक दिवस सांगून टाकली. का, काय झालं?"

विचारलं, म्हणे! घरच्या पोराने जन्मभर जीभ चावून धरली आणि या शहाण्याने तीन-चारदा विचारलं. "ते साइटवरून काढा," एवढंच ती म्हणाली. तो गडबडला, कळवतो म्हणाला, आणि बाबांना नमस्कार सांगायला विसरला नाही.

अर्धी रजा टाकून ती एडवणच्या एसटीत बसली. वाटभर तिच्या डोळ्यांसमोर प्रफुल्ल येत होता. तो उद्या दर्यावरून परत येईल, कोणीतरी त्याला मोबाइलवर तो नकाशा दाखवेल, खाली बापाचं नाव, आणि तो साइटवर चढवणारी बहीणच. तो तापट नव्हता, आणि तेच वाईट होतं. तो काही बोलणार नाही, नुसता घराबाहेर जाऊन बसेल. भावाच्या त्या गप्प बसण्याची तिला लहानपणापासून भीती वाटायची. खिडकीबाहेर मिठागरं गेली, वाड्या गेल्या, तिला काही दिसलं नाही. बाबांना विचारायचं तरी कसं, या वयात, या अवस्थेत?

बाबा ओटीवर खुर्चीत होते. डावा हात मांडीवर पडलेला.

"पुष्पा? आज सोमवार ना? नवऱ्याशी भांडली काय?"

"नाही बाबा." ती पायरीवर बसली आणि पाणीही न पिता तिने सगळं सांगून टाकलं. प्रबंध, फोटो, नकाशा, अकरा जण. सांगता सांगता तिला रडू फुटलं. "मीच चढवलं बाबा, माझ्या हातानं. आता सगळे येतील. दादाला काय तोंड दाखवू?"

बाबा ऐकत होते. मग त्यांचा खांदा हलायला लागला. तिला वाटलं परत झटका आला, ती धडपडत उठली. बाबा हसत होते.

"खोटी हाय ती."

"काय?"

"खोटी दिली त्याला. रोज येऊन इचारायचा. पोरगा चांगला, तुझ्या आयशीला आवडायचा, नाय तरी किती बोलू? मंग दिली एक." ते थांबत थांबत बोलत होते. "तांडेल कोणाला खरी खूण देतो काय? तिथे जाऊ दे त्यांना. चिखल हाय खाली. जाळी भरून चिखल नेतील."

पुष्पलता हसली, रडली, तिने पदराने नाक पुसलं. सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं. विद्यापीठाच्या एवढ्या मोठ्या साइटवर तिच्या बापाची थाप दिमाखात बसली होती, परीक्षकांच्या सह्यांसकट. तिला दर्पणची दयाही आली.

सुटकेच्या त्या भरातच तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, पण आता दादाला खरी सांगून ठेवा."

जी गोष्ट मागायची नसते ती तिने मागितली होती. तिने जीभ चावली. पण बाबा रागावले नाहीत. त्यांनी समुद्राकडे तोंड केलं.

"सांगतो ना. त्याला होडीत सांगायची, पण माजं काय आता होडीत बसणं होत नाय. तू ऐक, तू सांग त्याला." त्यांनी उजवा हात उचलला. "आशापुरीचा कळस... कळस घ्यायचा तो..."

हात हवेत राहिला.

"डोंगराच्या खाचेत," ते म्हणाले, आणि लगेच मान हलवली. "नाय, ती त्या पोराला दिली ती. थांब. कळस नाय. ताड होता. ताड आनी..."

पुष्पलता थांबली. झटक्यानंतर बाबांना शब्द शोधावे लागायचे, डॉक्टर म्हणाले होते घाई करू नका. तिने घाई केली नाही. ओहोटी लागली होती, समोर होड्या एका कुशीवर कलंडल्या होत्या. बाबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी डोळे मिटले, उघडले, बोट उत्तरेकडे नेलं, दक्षिणेकडे आणलं. जन्मभर ज्यांनी समुद्राला कधी वाट विचारली नाही त्यांच्या डोळ्यांत तिने पहिल्यांदाच भीती पाहिली, आणि सकाळची आपली भीती तिला पोरखेळ वाटली.

"राहू दे बाबा. उद्या आठवेल."

"ते तुज्या फोनात हाय ना? त्या पोरानं लिहिलंय ते?"

"आहे."

"वाच."

"पण ते तर खोटं..."

"वाच गो. ऐकता ऐकता खरी येल."

तिने प्रबंध उघडला. अकराचा आकडा आता बारा झाला होता. बापाचा फोटो सरकवून तिने पान काढलं आणि शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आशापुरीच्या देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या खाचेत बसला पाहिजे. बाबा कान देऊन ऐकत होते, ओठ हलवत होते.

"ही नाय," ते म्हणाले. "परत वाच."

तिने परत वाचलं.