कात्री मास्तरांचे मार्क

वडील निवृत्त शिक्षक. उभ्या हयातीत कुणाला म्हणून पैकीच्या पैकी दिले नाहीत. मुलं पाठीमागे 'कात्री मास्तर' म्हणायची, आणि त्याचाही त्यांना अभिमानच! आता असल्या माणसाकडे कुणी आपले पेपर तपासायला देतं का? लेकीने दिले. ती वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट. दुसऱ्यांचे दावे बडवून बोटं झिजली, तेव्हा आपणच वकील व्हायचं तिच्या मनाने घेतलं. लॉच्या प्रवेश परीक्षेचं सराव-पुस्तक तिने आणलं, तर मास्तरांनी मागची उत्तरांची पानं फाडून कपाटात ठेवली. चोरून बघायला नको म्हणे.

दर रविवारी ती पेपर सोडवायची आणि मास्तर वर लाल पेनाने नुसता आकडा टाकायचे. दीडशेपैकी एक्क्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. ब्याऐंशी. प्रवेशाला नव्वद तरी लागतात. सात महिने बाईने जिवाचं रान केलं, पण आकडा काही हलेना. वर मास्तरांचं आपलं एकच, अजून कमी पडतंय. शेवटी तिने हाय खाल्ली. वर्षातून एकदाच होणाऱ्या त्या परीक्षेच्या फॉर्मची मुदत सोमवारी संपत होती. तिने ती गुपचूप संपू दिली.

गुरुवारी मास्तरांच्या औषधांची चिठ्ठी शोधताना तिला ती पानं सापडली. टायपिस्टच ती, मूळ प्रत आणि नक्कल शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघायची सवय. तिथेच फरशीवर बसकण मारून तिने शेवटचा पेपर ताडला. एकशे चार. त्याच्या आधीचा एकशे एक. आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. आणखी चार पेपर पाहिले आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सख्ख्या बापाने केसाने गळा कापावा?

मास्तरांनी काही लपवलं नाही. वीसेक मार्क मुद्दामच कापत होतो, म्हणाले. कौतुक केलं की माणूस हुरळतो, अभ्यासात ढिला पडतो. तुझा जोर टिकावा म्हणून केलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी खरे मार्क सांगणारच होतो, असं म्हणून वर हसलेसुद्धा.

"मी फॉर्मच भरला नाही, बाबा. सोमवारी मुदत संपली."

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. पण वर्गातला आवाज कुठला जायला!

"कुणाला विचारून?"

"तुमच्या मार्कांना विचारून," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.