तुपाची दुर्बीण

मी रिफ्रॅक्टोमीटर बोलतोय. नाव अवघड आहे, मान्य. इथं सेलूत मला 'तुपाची दुर्बीण'च म्हणतात, आणि खरं सांगू? मला तेच आवडतं.

जन्म माझा अंबाल्याचा. पितळेचं अंग, पोटात काचेचे दोन लोलक. त्यांच्यामध्ये पातळ तुपाचा थेंब सोडायचा, मिटायचं आणि डोळा लावायचा. आत अर्धं काळं, अर्धं उजळ दिसतं. दोन्हींच्या सीमेवर जो आकडा येतो, त्यावरून भेसळीचा अंदाज लागतो. उंचीनं मी तांब्याएवढा. पण माझ्या होकाराशिवाय आमच्या तुपाच्या सहकारी सोसायटीतला एकही डबा बाहेर जात नाही! दुसऱ्याच्या डब्यात काय आहे ते बघायची मला जन्मजात हौस. इतरांना लोक म्हणतात, नाक खुपसू नका. मला त्याचाच मान मिळतो.

प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक टेबल, एक स्टोव्ह. केमिस्ट दिनकरराव चौऱ्याहत्तर साली कोल्हापूरकडून नवीनच आले होते. आकडा त्रेचाळीसच्या वर गेला की डबा परत, हा त्यांचा शिरस्ता.

त्याच साली दिवाळीच्या तोंडावर वालूरच्या सुलाबाई डबा घेऊन आल्या. रवाळ तूप, खोलीभर घमघमाट. मी आकडा दाखवला, चव्वेचाळीस.

दिनकररावांनी मला पुसलं, पुन्हा बघितलं. तेवढाच.

"बाई, यात भेसळ आहे."

"माझ्या तुपात? अवो साहेब, बाळंतिणीसाठी लोक माझ्याकडून तूप नेतेत! उद्या गावात कोन तोंड बघंल माझं?"

वनस्पती तूप असेल तर अ‍ॅसिड घातल्यावर गुलाबी होतं. हे झालं नाही. पण दुसरं कुठलं तेल असेल तर? संशय काही जाईना.

"चला माझ्या घरी," सुलाबाई म्हणाल्या. "तुमच्या म्होरं लोणी कढवते. मग बोला."

मोठ्या प्रयोगशाळेतली यंत्रं टेबलाला जखडलेली असतात. मी मात्र एस.टी.त दिनकररावांच्या मांडीवर बसून वालूरला निघालो!

अंगणात अख्खी आळी जमली. शेजारीण कडूबाई सगळ्यांत पुढं. लोणी कढलं, चुलीवरच्या पाण्यानं मला ठरलेली ऊब दिली, थेंब पडला. चव्वेचाळीस!

"मशीनच बिघडलंय," मागून कुणी तरी म्हणालं. असा राग आला मला!

"तसं असंल तर माझं तूप लावून बघा की," कडूबाई म्हणाली आणि वाटी घेऊनच आली. तिचा आकडा एकेचाळीस.

सुलाबाई मटकन खाली बसल्या. कडूबाईला मात्र जोर चढला. "आमची म्हैस नुसत्या कडब्यावर हाय. हिच्या म्हाराणीला भिजवलेली सरकी लागती, ती बी पाटी भरून! लय लाड करायली, आता भोग!"

दिनकरराव ताडकन उठले, गोठ्यात गेले. गव्हाणीत सरकी फुगलेली. कपाळाला हात लावून ते परत आले.

"सुलाबाई, चूक माझी. म्हशीनं सरकी खाल्ली की तुपाचा आकडा चढतो. कापसाच्या मुलखात हद्द वेगळी धरतात. मी आमच्या उसाच्या भागातली हद्द इथं लावत बसलो. तुमचं तूप शंभर नंबरी आहे."

"हे मोठ्यानं बोला, साहेब," सुलाबाई उभ्या राहिल्या. "मघाशी ऐकायला आलेले समदे हायेत तवर."

दिनकररावांनी मोठ्यानं सांगितलं.

"म्हंजी मीच सोडवलं की गं तुला!" कडूबाई म्हणाली.

"व्हय बाई, टोमणे मारमारून!"

अंगण हसलं. मग सुलाबाईंनी पदरानं हात पुसले आणि मला डोळा लावला. बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्यामागं सगळ्या बायांनी रांग लावली. एवढे डोळे मला एका दिवसात कधीच लागले नव्हते!

आता एकोणऐंशी साल चालू आहे. लोलकावर एक ओरखडा पडलाय, पितळ काळवंडलंय, पण नजर शाबूत आहे. सोसायटीत दुसरं चकचकीत यंत्र येणार असं कानावर येतं. येऊ द्या बापडं. त्याला आणि त्याच्या साहेबाला माझं एकच सांगणं: आकडा चढला म्हणून कुणा बाईला लबाड ठरवायच्या आधी तिच्या गोठ्यात जाऊन या. आणि जाताना मलाही न्या. वालूरची गव्हाण बघितल्यापासून नुसत्या डब्यावर माझं समाधान होत नाही.