टीव्हीचा बसलेला घसा

टीव्हीचा घसा बसला आहे यावर नवराबायकोचं एकमत होतं, आणि त्या घरात एकमत ही काही रोज घडणारी गोष्ट नव्हती. बातम्या देणारी बाई तेवढी नीट बोलायची. मालिका लागली की सगळा घोळ. मालिका मुळात परक्या भाषेतली, तिच्यावर आपली भाषा चढवलेली. माणसं तोंड एक करायची आणि ऐकू भलतंच यायचं. आवाज वाढवला की कपाटाची काच थरथरायची, शेजारीण तक्रार करून जायची, पण कळायचं तरी काहीच नाही.

मेकॅनिक येऊन टीव्ही उघडून बघून गेला. "याला काही धाड भरलेली नाही," असं तो तोंडावर म्हणाला. मग टीव्हीच्या मागे डोकं घालून तो आणखी काहीतरी बोलला, त्यात नाचता न येणं आणि वाकडं अंगण यांचा उल्लेख होता. पण तोंड टीव्हीमागे असल्यामुळे ते दोघांपैकी कुणालाच कळलं नाही, आणि म्हणून त्याला चहाही मिळाला.

या घरच्या यजमानाला सगळे धोटा म्हणत. मागावर सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. हा गृहस्थ कापडगिरणीत तसाच पळायचा, म्हणून ते नाव पडलं आणि गिरणी बंद झाली तरी राहिलं. बायकोही तिथलीच. त्याच शेडमध्ये ती कांड्या भरायची. शेकडो माग एकदम चालू झाले की कानाशी येऊन बोंबललं तरी उपयोग नसायचा, म्हणून तिथली माणसं आवाजाशिवाय बोलत. ओठ, दात, भुवया एवढ्यांवर सगळा कारभार. चुगल्या तशाच, भांडणं तशीच. धोट्याने लग्नाचं विचारलं तेही तिसऱ्या मागापलीकडून, आणि ती "घरी येऊन विचारा" म्हणाली तेही कांड्यांच्या टोपल्यामागून. ती सवय पुढे घरात आली. तो गॅलरीत आणि ती ओट्याशी उभी राहून तासभर बोलत, आणि खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. शेजाऱ्यांना वाटे, काय गुण्यागोविंदाने राहतात!

आता या टीव्हीपायी एक मोठी गोष्ट अडली होती. लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली होती, सोमवारपासून तिला कामावर जायचं होतं. बाळाला दिवसभर आजीआजोबांकडे ठेवायचं की पाळणाघरात, यावर ती नुसतं "बघू" म्हणत होती. फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "तुमच्याकडे टीव्हीचा आवाज केवढा असतो, बाबा. बाळ झोपणार कसं?" एवढंच ना! आजीने तर कपाटाचा खालचा कप्पा कधीच रिकामा करून ठेवला होता. त्यात लंगोट, दुपटी, एक रबरी बदक. कप्पा भरला होता, फक्त लेकीचं "हो" यायचं राहिलं होतं. तेव्हा ठरलं की टीव्हीला चांगला स्पीकर आणायचा, लहान आवाजातही शब्द न् शब्द कळेल असा. लेकीला संध्याकाळी दुकानातच बोलावलं, बाळाला घेऊन. म्हटलं, तिच्याच पसंतीने होऊ दे.

दुकान म्हणजे नुसता गजबजाट. एका भिंतीवर टीव्हीच टीव्ही, सगळे एकदम चालू, प्रत्येकावर वेगळं. मधल्या टेबलावर उशीएवढे, डब्याएवढे, साबणाच्या वडीएवढे स्पीकर, प्रत्येकाचं गाणं निराळं. गिऱ्हाइकं एकमेकांच्या कानात ओरडत होती. धोटा आणि बायको मात्र आत शिरताच मोकळे झाले. खूप दिवसांनी दोघांना घरच्यासारखं वाटलं.

गळ्यात टाय लावलेला एक विक्रेता पुढे आला. "काय दाखवू, काका?"

"टीव्हीचा आवाज नीट येईल असं काहीतरी."

"साउंडबार दाखवतो. सबवूफरसकट घेता की नुसता? ब्लूटूथ हवा की वायर? डॉल्बी चालेल?"

धोट्याने बायकोकडे बघितलं. हा माणूस आपल्याला विचारतोय की सांगतोय, हेच त्याला कळेना. आवाज न काढता तो म्हणाला, "याचा एकेक शब्द दिसतोय, पण अर्थ लागत नाही."

बायको तशीच म्हणाली, "बार म्हणतोय. तो काळा दांडा असेल. सबवूफर ते खालचं खोकं. मान डोलवा नुसती."

टायवाला कधी याच्या तोंडाकडे, कधी तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला वाटलं, दोघं मनातल्या मनात जप करतायत. महागाची वस्तू घेताना माणसं काय काय करतात, त्याने सगळं पाहिलं होतं.

त्याने साउंडबार लावला. जमीन हलली. "कसा वाटतो बास?"

"जमिनीला चांगला लागतोय," धोटा म्हणाला. "पण बोलणं कुठे आहे?"

"संवाद वेगळा वाढवता येतो, काका. तुम्ही फक्त..." असं म्हणत टायवाला वायर खोचायला खाली वाकला.

धोटा वाट बघत राहिला. तो वर आल्यावर म्हणाला, "फक्त काय?"

"सांगितलं की सगळं."

"कुठे? तुम्ही मधेच गप्प बसलात."

"बोलत होतो, काका."

"अहो, गप्प होते ते," बायकोनेही साक्ष दिली. नवऱ्याची बाजू घ्यायची वेळ क्वचितच यायची, ती तिने सोडली नाही. टायवाल्याने दोघांकडे बघितलं, कपाळ पुसलं आणि बेत बदलला. घरच्यांना त्रास नको असेल तर हेडफोन घ्या, म्हणाला. एकाला मालिका, दुसऱ्याला झोप. बाळ तर घोरेल. त्याने एक काळा, गुबगुबीत हेडफोन काढून धोट्याच्या कानांवर चढवला आणि बटण दाबलं.

"हा चालू केला की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. हीच तर याची खुबी आहे," तो म्हणाला.

"येतंय की," धोटा म्हणाला.

"काय येतंय?"

"तुमचं बोलणं. हीच याची खुबी आहे म्हणालात ना?"

टायवाल्याचा चेहरा पडला. त्याने बटण परत दाबलं. हेडफोनच्या पेटीवरचा गुणवत्तेचा शिक्का बघितला. "आता?"

"आता म्हणालात, आता."

"बघू, मला द्या," म्हणून बायकोने तो स्वतःच्या डोक्यावर घातला. टायवाला ओठ जेमतेम हलवत हळूच म्हणाला, "काकू, माझं ऐकू येतंय?" आणि ती म्हणाली, "स्वच्छ. उगाच हळू बोलू नका. फसवाफसवी आमच्याकडे चालायची नाही."

शेवटी टायवाल्याने तो स्वतः घातला. त्याच्या तोंडावर अशी शांतता पसरली की जणू त्याला कुणी डोंगरावर नेऊन ठेवलंय. धोटा त्याला काही म्हणाला, त्याला ते मुळीच कळलं नाही. त्याने हेडफोन काढला आणि हातात धरून तो नुसताच उभा राहिला. इतकी वर्षं दुकानात काढली, पण असला पेच त्याच्यावर आला नव्हता. वस्तू चांगली, गिऱ्हाईक खोटं बोलत नाही, मग बिघाड कुठे?

धोट्याला आतून मजा वाटत होती. गिरणीने कान कसे तयार केले आहेत बघ, असं तो बायकोला सांगणार होता. तेवढ्यात टायवाल्याची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली. पलीकडे छोटे स्पीकर बघणारी दोन पोरं मागे वळली. पैसे घेणारी बाई खुर्चीतून अर्धी उठली. टीव्हीसमोरचा एक म्हाताराही वळला. सगळं दुकान धोट्याच्या मागे बघत होतं. बायको तेवढी खाली मान घालून खोक्यावरचं वाचत होती.

धोटा वळला.

लेक चार पावलांवर उभी होती. कडेवर बाळ. बाळाचं तोंड वाटीएवढं उघडलेलं, जीभ थरथरतेय, चेहरा लालबुंद. टाहो फोडला होता त्याने. धोट्याला फक्त कुठल्याशा गाण्याची घरघर येत होती, तीसुद्धा पायांतून.

"कधी आलीस?" त्याने विचारलं.

"मघाशीच." लेकीचे डोळे भरले होते. "बाबा बाबा करत दारापासून आले. ही तेव्हापासून रडतेय."

आता बायकोनेही वर बघितलं. नात दिसताच ती खोकं टाकून धावली आणि बाळाला खांद्यावर घेतलं. बाळाची छाती तिच्या छातीवर आपटत होती. "रडतंय गं हे," ती म्हणाली, पाठ थोपटत बाजूला झाली आणि टीव्हीच्या उजेडाशी येरझाऱ्या घालू लागली.

धोटा टायवाल्याकडे वळला. त्याला म्हणाला, "जरा तोंड फिरवा आणि काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

टायवाल्याने भिंतीकडे तोंड केलं. त्याची मान हलत होती, म्हणजे तो बोलत होता. धोट्याने सगळा जीव कानांत आणला. घरघर आली. घरी मालिका लागली की येते तीच, जशीच्या तशी.

तो परत वळल्यावर धोट्याने विचारलं, "काय म्हणालात?"

"बाळ गोड आहे, म्हणालो." टायवाल्याला आता कळलं होतं. त्याने हेडफोन मुकाट्याने पेटीत ठेवला.

"म्हणजे टीव्ही बरा आहे आपला," धोटा म्हणाला.

लेकीने त्याचा हात धरला. लहानपणापासून ती आईबापांना कधी लांबून हाक मारायची नाही. समोर येऊन उभी राहायची, हात ओढायची, मग बोलायची. शहाणं पोर म्हणून त्याने सगळ्या शेडमध्ये तिचं कौतुक सांगितलं होतं.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"होतं, बाबा."

"मग टीव्हीचं कशाला सांगितलंस?"

"काय सांगू? आईने कप्पा लावून ठेवलाय. मी रोज बघते तो कप्पा." ती रडायला लागली. "मी तान्ही होते तेव्हा माझी आजी होती घरात, रडणं ऐकायला. पुढे मी चालायला लागले, येऊन हात तरी ओढायचे. हिला अजून नीट बसताही येत नाही. तुम्ही आत असाल, ही बाहेर... कानाचं यंत्र मिळतं, बाबा. चांगली मिळतात आता."

"घेऊ. तपासून घेऊ दोघांचेही. पण सोमवारपर्यंत नाही व्हायचं ते." धोट्याला स्वतःची लाज वाटत नव्हती, राग येत नव्हता, फक्त बाळाचं ते उघडं तोंड डोळ्यांपुढून जात नव्हतं. एवढं मोठं रडणं, आणि तो चार पावलांवर उभा राहून मनात हसत होता. "सोमवारी हिला आमच्याकडे आणू नकोस. पाळणाघरातच ठेव."

लेकीने रडतच मान डोलावली.

टीव्हीच्या भिंतीपाशी बायको पाठमोरी होती. बाळ शांत झालं होतं, तिच्या खांद्यावर लाळ गाळत होतं. ती वळली, तिला लेक रडताना दिसली. तिने तिथूनच, आवाज न काढता विचारलं, "काय झालं? काय म्हणालात तिला?"

मध्ये माणसं होती, टेबलं होती. धोट्याने तिच्याकडे तोंड केलं. काहीतरी वेगळंच सांगावं, घरी जाऊन बोलू म्हणावं, असं त्याच्या फार मनात आलं. पण तिच्यापुढे ओठांनी खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं, कानांचं, रडण्याचं, सोमवारचं, एकेक शब्द नीट.

उभ्या आयुष्यात तिने त्याला कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लावली नव्हती. मधे दहा माग चालू असताना नाही, हवेत पिंजलेला कापूस उडत असताना नाही.

तिने बाळाला आणखी घट्ट धरलं आणि विचारलं, "काय?"

त्याने परत सांगितलं.