मॅटचा खिळा

"खींच रे, खींच! सो गया क्या?" भिवा ओरडला आणि खैरुद्दीनने पलीकडून काथ्याच्या मॅटचं टोक अंगातला जोर लावून ताणलं. खाली सिमेंटची पट्टी, वर ही मॅट, आणि कडेकडेने जमिनीत ठोकलेले वीतभर लांब खिळे. दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनच्या त्या मैदानात गवताचं एक पातं नव्हतं. बोलरचा पाय पडतो त्या कोपऱ्यातला खिळा दर सामन्यात उपटून यायचा, म्हणून एक जादा खिळा भिवाच्या खिशात कायम असे. सहा वर्षांत खिळे ठोकायच्या कामाला त्याने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नव्हता.

मार्च अठ्ठ्याण्णवचा शुक्रवार होता आणि फायनल होती.

ही टीम म्हणजे काय प्रकरण होतं ते आधी सांगून टाकलेलं बरं. टीम एका पाईप फॅक्टरीची. लीगचा नियम असा की कंपनीच्या टीममध्ये कंपनीचेच कामगार खेळले पाहिजेत. मग काय, कंपन्यांनी खेळणाऱ्यांनाच कामगार करून आणलं! ऑक्टोबर ते मार्च खेळायचं, एप्रिलमध्ये घरी. खैरुद्दीन सियालकोटचा, टीमचा कॅप्टन. लेबर कार्डावर गवंडी. या गवंड्याने जन्मात थापी धरली नव्हती. भिवा संगमेश्वरकडचा फास्ट बोलर, कार्डावर हेल्पर. तो एकटाच खरोखरचा हेल्पर झाला. बाकीचे उन्हाळ्यात आपापल्या घरी गेले की हा बाबा भट्टीसारख्या शेडमध्ये पाईप उचलायचा.

आता भिवा छत्तीसचा झाला होता. जानेवारीपासून उजवा खांदा बोंब मारत होता. रोज रात्री बाम चोळायचा, खोलीत वास भरून राहायचा, आणि कोणी विचारलं की म्हणायचा, "सर्दी झालीय."

घोर लागला होता तो एकच. खांदा गेला की काय? पण ऑक्टोबरातच टीमचे मॅनेजर शैलेंद्र साहेब म्हणाले होते, "भिवा, या वर्षी कप आण. तुला स्टोअरमध्ये परमनंट करतो. मग बोलिंग राहो न राहो."

"नक्की ना साहेब?"

"इन्शाल्ला!" साहेब म्हणाले. मूळचे पुण्याचे, राहायला दुबईत करामाला, पण हा शब्द अगदी हवा तेव्हा जिभेवर.

तेवढ्यावर भिवा थांबला असता तर! पण गल्फमध्ये गेलेला आपला माणूस साहेब जरा हसला की लगेच गावच्या माणसासाठी व्हिसा मागतो. नाही मागितला तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. मुक्ताबाईचं, त्याच्या बायकोचं, फोनवर एकच टुमणं होतं, "माज्या भावाचं बघा कायतरी. परेश किती दिवस घरात बसनार?" परेश तेवीस वर्षांचा, चेंडू असा टाकायचा की बॅट्समन डोळे मिटायचे. सुट्टीवरून येताना भिवाने गावच्या टुर्नामेंटची व्हिडिओ कॅसेट बनियनमध्ये गुंडाळून आणली होती, ती आता थेट साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, माझा मेहुणा. माझ्यापेक्षा फास्ट आहे. देवाशपथ!"

साहेबांनी ती कॅसेट दोनदा पाहिली. भिवाला कोण आनंद झाला.

खैरुद्दीनने मात्र डोक्याला हात लावला. "अपनी जगह पे अपना आदमी मत ला, भिवा."

"अरे भाई, मैं स्टोर में, वो ग्राउंड में. जगह दो है!"

तर फायनल. समोर दुबईच्या एका बँकेची टीम, सगळे बूट नवे कोरे. साहेब बायको सुनेत्रा आणि मुलगी इराला घेऊन तंबूच्या सावलीत बसले होते. भिवा तंबूजवळ पाणी प्यायला आला तेव्हा इरा म्हणाली, "डॅड, ही इज सो ओल्ड!" सुनेत्राने तिला दटावलं. भिवाला इंग्रजी येत नव्हतं, पण एवढं आलं. तो तोंडभर हसला आणि पाणी पिऊन निघून गेला.

शेवटची ओव्हर. बँकेला सात हवे होते. खैरुद्दीनने चेंडू भिवाच्या हातात ठेवला आणि त्याच्या खांद्याकडे पाहिलं. पाच चेंडूंत चार रन गेले. प्रत्येक चेंडूला खांद्यात कळ उठून पार कानापर्यंत जात होती. शेवटच्या चेंडूआधी कोपऱ्यातला खिळा उपटला. भिवाने खिशातला काढला, दगडाने ठोकला, मागे गेला आणि धावत सुटला. मधली दांडी उडाली!

मग काय विचारता! साहेबांनी त्याला मिठीच मारली. "भिवा, तुझ्या परेशचा व्हिसा खलास! झालं काम!" भिवाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या संध्याकाळी त्याने अख्ख्या लेबर कॅम्पमध्ये जिलबी वाटली, एका हाताने, कारण दुसरा वर उचलवत नव्हता.

शनिवारी सकाळी ऑफिसातून बोलावणं आलं. व्हिसाची कामं बघणारा मुरलीधर, केरळचा म्हातारा, समोर कागद ठेवून बसला होता. "साइन करना है."

"परेश का पेपर?"

मुरलीधरने चष्मा काढला. "तुम्हारा कॅन्सल का है, भिवा. किसी ने बोला नहीं?"

भिवा तसाच साहेबांच्या केबिनमध्ये घुसला. दार वाजवायचंही भान राहिलं नाही.

"अरे, बस, बस," साहेब म्हणाले. "हेल्परचा कोटा फुल आहे. एकच जागा होते, तुझी. तूच म्हणालास ना, माझ्यापेक्षा फास्ट आहे म्हणून?"

"आणि स्टोअर, साहेब?"

"स्टोअरला कॉम्प्युटर आला. आता इंग्लिश येणारा माणूस लागतो. माझ्या हातात काय आहे?" साहेब फाइल चाळू लागले. "हे बघ, नको असेल तर सही करू नकोस. परेशचं कॅन्सल. पण तुझा व्हिसा मेमध्ये संपतो, आणि त्या खांद्यावर तो मी रिन्यू करणार नाही. तीन महिने बाम चोळतोयस. मला काय कळत नाही?"

भिवाला संताप आला. हा माणूस कालपर्यंत गळ्यात पडत होता! वाटलं, टेबलावरचा तो फायनलचा कप उचलावा आणि याच्या केबिनच्या काचेवर हाणावा. पण हात वर जाईना. तो परत मुरलीधरकडे आला, मराठीत सही केली आणि विचारलं, "वो लड़का कब आएगा?"

परेश गुरुवारी आला, आधी व्हिजिट व्हिसावर; कामाचा मागाहून लागणार होता. नवी बॅग, कपाळाला गंध, डोळ्यांत सगळी दुबई मावलेली. कॅम्पमधली खाट भिवाने रिकामी करून ठेवली होती.

"भावजी, तुमी खंय झोपनार?"

"मी सुट्टीवर चाललोय. उद्या रात्रीचं विमान."

"परत कवा?"

"ऑक्टोबरात. इन्शाल्ला."

शुक्रवारी दुपारी त्याने परेशला मैदानावर नेलं. मॅट कशी भिजवायची, कशी ताणायची, खिळा किती तिरका मारायचा, सगळं करून दाखवलं. परेशने चार चेंडू टाकले. खैरुद्दीन बॅट घेऊन उभा होता, तो चौथ्या चेंडूला मागे सरला आणि शिवी हासडून दुसरीकडे बघत उभा राहिला.

"ऐक," भिवा म्हणाला. "इथं कितीबी वर्षं रहा. साहेबाला गावच्या कोनाचं नाव सांगू नको."

"का ओ भावजी?"

"नको म्हटलं ना!"

पाचव्या चेंडूला कोपऱ्यातला खिळा उपटून आला. परेश गोंधळून बघत राहिला. भिवाने खिशातला जादा खिळा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "ह्यो खिशात ठेवायचा. कायम." आणि पहिल्यांदाच तो बाजूला उभा राहिला. परेशने दगड शोधला, गुडघे टेकले आणि ठोकायला लागला. खिळा सरळ जात होता, तिरका नव्हे.

भिवाचा हात सवयीने खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला.