इंजिनाचा तपास

छत्तीस साली प्रोफेसरांनी आम्हा दोघा बीएस्सीवाल्यांना अमरावतीहून अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत धाडलं. तिथलं इंजिन दिवसातून सात-सात वेळा का थांबतं, हे मालक वामनरावांना शोधून हवं होतं. आठ दिवस रविकांतनं अन् मी हातात घड्याळ धरून नाकातोंडात कापूस घेतला. इंजिन ठणठणीत! पाहुणा आला की त्या खडखडाटात आपलं बोलणं त्याला ऐकू जावं म्हणून वामनरावच रुमाल हलवून ते थांबवत.

रविकांतची सांगायची हिंमत होईना. मी भडकलेलोच होतो. वामनरावांसमोर उभा राहून ओरडून सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला, मग इंजिनवाल्या नत्थुजीकडे पाहून रुमाल हलवला. इंजिन थांबलं.

"हां, आता सांग," ते म्हणाले, "काहून थांबते आपलं इंजिन?"