चारशे जणांना पास करणारा जॉब

मी एक जुना लोखंडी जॉब आहे. मित्रांनो, लेथ मशीनवर कातून काढलेल्या तुकड्याला तंत्रशाळेत जॉब म्हणतात. मी वीतभर लांब, तीन पायऱ्यांचा, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक आहे. दिसायला ठणठणीत असलो, तरी गेली चौदा वर्षे मी भीतीने अर्धा झालो आहे.

माझा जन्म मात्र चांगल्या हातांनी झाला. वर्गात एकच मुलगी होती. तिने तीन दिवस खपून मला घडवले. मास्तर कडक होते. जॉब आवळायची किल्ली चुकून मशीनवर राहिली, तर मशीन सुरू होताच ती गोळीसारखी सुटते. म्हणून किल्ली खाली ठेवल्याशिवाय मास्तर कोणाला बटणाकडे बघूही देत नसत. त्यांनी तीनतीनदा माझे माप घेतले आणि केसाचाही फरक सापडेना म्हणून स्वतःच वैतागले. मुलीने आपली खूण म्हणून माझ्या तळाशी एक बारीक ठिपका ठोकला. मग मला काचेच्या कपाटात जागा मिळाली आणि मी फार मिरवलो.

पुढे मास्तर निवृत्त झाले. त्यांची जागा कोणी भरलीच नाही. नवी यंत्रे आली, पण खराब होतील म्हणून त्यांच्यावरचे प्लास्टिकही निघाले नाही. परीक्षा मात्र दरवर्षी वेळेवर येई. तेव्हा प्राचार्यांना मी आठवलो. परीक्षक कार्यालयात चहा घेत बसत. एकेक विद्यार्थी मला घेऊन पुढच्या दाराने आत जाई, माप दाखवी आणि मागच्या दाराने बाहेर पडे. तिथे शिपाई माझ्यावरची चिठ्ठी खरवडून पुढच्या नंबरची चिकटवी. माझ्या अंगावर डिंकाचे थर चढले आणि सगळा वर्ग पास होत गेला. हेच हात उद्या देश पुढे नेतील, असे प्राचार्य सभागृहात सांगत. कपाटात माझा थरकाप उडे, कारण त्या हातांनी मशीनचे बटणही कधी दाबलेले नव्हते.

त्यांतल्या एकाला सगळे हसऱ्या म्हणत. तो ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला. पहिल्याच दिवशी त्याने किल्ली मशीनवर ठेवून बटण दाबले. त्याचा उजवा डोळा गेला. शिपायाने ते प्राचार्यांना हळूच सांगितले, मी कपाटातून ऐकले. तो डोळा मीच फोडला, असे मला आजही वाटते.

या वर्षी परीक्षक म्हणून त्याच कारखान्यातल्या मोठ्या बाई आल्या. त्यांचा माल मापात बसत नाही म्हणून परत येत होता. चालवणारे हात नाहीत म्हणून कारखान्यातली निम्मी यंत्रे झाकून ठेवली होती. कारखान्याचा नवा विभाग इथे काढायचा की दुसऱ्या गावी न्यायचा, हे इथे शिकलेली माणसे मिळतात का यावर ठरणार होते. पहिलीच आत गेली ती हसऱ्याची धाकटी बहीण. तिच्या घामट मुठीत मी होतो. बाईंनी मला उलटे केले आणि त्यांचा अंगठा ठिपक्यावर थांबला. मीही तो अंगठा ओळखला, मला घडवणाऱ्या मुलीचाच तो, आणि गारठलो.

"हा तू केलास?" त्यांनी विचारले.

"नाही मॅडम. मला मशीन सुरूच करता येत नाही. माझ्या दादालाही येत नव्हतं."

बाईंनी मला टेबलावर ठेवले. हसऱ्याला उचलून दवाखान्यात नेले होते ते त्यांनीच.

सगळे नापास झाले तर कारखाना हातचा जाईल, असे प्राचार्य काकुळतीला येऊन सांगू लागले.

"आणि पास केले तर राहील का, सर?" बाई म्हणाल्या. त्यांनी एकाही कागदावर सही केली नाही. सुट्टीच्या दिवशी स्वतः शिकवायला येते, सहा महिन्यांनी परीक्षा घेऊ, एवढेच सांगितले. कारखाना तोवर थांबेल का, हे त्यांनाही ठाऊक नाही.

माझ्यावर पुन्हा कोणी पास होऊ नये म्हणून आता मी वाइस नावाच्या लोखंडी पकडीच्या जबड्यात घट्ट आवळलेला आहे. बहिणीच्या हातात करवत आहे. तिने पाते उलटे बसवले होते, ते बाई तिलाच काढून सरळ बसवायला लावत आहेत. खोटे कशाला सांगू, मला फार भीती वाटते आहे. पण मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटात माझ्यासारखा कोणी असेल, तर पाया पडतो, त्याला जपू नका.

पोरीने पाते नीट बसवले आहे. करवतीचे दात माझ्या पहिल्या पायरीवर टेकले आहेत.